पाईपातली फुंकर

कॉम्प्रेसर मी दोन वर्षं मागत होतो आणि तो मिळत नव्हता. मग एके दिवशी न मागता आला, तोही चोवीस तासांच्या आत. का आला ते कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आलो तरी ती पुरती उतरलेली नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवलो नाही आणि निवायचा माझा विचारही नाही.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून मी नाशिकला आग्रा रोडवरच्या एका यात्रा कंपनीच्या शेडमध्ये लागलो होतो. कंपनी म्हणजे काय, तर एक मालक, एक बस, एक ड्रायव्हर, एक आचारी आणि मी. मे महिन्यात आणि दिवाळीच्या अलीकडे अशा वर्षातून दोन फेऱ्या व्हायच्या. पंचवीस यात्रेकरू भरून बस थेट बद्रीनाथपर्यंत जायची. डोंगरातल्या वळणांवर मोठी बस वळत नाही म्हणून ही मुद्दाम लहान घेतलेली. मालक पिंपळगाव बसवंतकडचे, घरच्या द्राक्षबागा असलेले, आणि डोक्याने चलाख. लोकांना परक्या मुलखात आपल्या हातचं खायला आणि आपलं पाणी प्यायला हवं असतं हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून बसचा मागचा भाग त्यांनी घरासारखा करून घेतला. ओटा, दोन स्टोव्ह, बेसिन, दोन नळ, छतावर पाण्याची टाकी, आणि कुणाला बरं नसलं तर आडवं होता यावं म्हणून एक लांब बाक. त्या काळी असली बस नाशिकात दुसरी नव्हती. लोक शेडवर बघायला यायचे.

त्या बसमधली पाण्याची लाइन मी टाकली होती. एकट्याने. अर्धा इंची लोखंडी पाईप, प्रत्येक आटा हाताने पाडलेला, प्रत्येक जोडाला सफेदा लावून सुतळी गुंडाळलेली. बस खड्ड्यातून आपटत गेली तरी एक थेंब गळायचा नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कामाचा माणूस कामाबद्दल बोलतो तेव्हा लोकांना ती बढाई वाटते, त्याला माझा इलाज नाही.

पहिल्याच दिवाळीच्या फेरीत बद्रीनाथला लाइन फुटली. पाणी गोठलं की फुगतं हे मी शाळेत शिकलो होतो, पण नाशिकच्या माणसाला ते परीक्षेपुरतंच खरं वाटतं. टाकीचा कॉक सोडून सगळं पाणी काढलं होतं, तरीही फुटली. कारण लाइन छतावरून खाली येऊन बसच्या पोटाखालून मागे जात होती, आणि मधल्या लोखंडी आडव्या पट्ट्या चुकवताना तिला दोन ठिकाणी झोळ आला होता. त्या झोळात पाणी अडून राहायचं. तिथे खाली कॉक बसवून पाहिला, तर रस्त्यावरच्या दगडाने दुसऱ्याच दिवशी तो उडवला. उपाय एकच होता, एका टोकाने हवा मारायची आणि दुसऱ्या टोकाने पाणी हाकलायचं.

मी मालकांना म्हणालो, लहानसा कॉम्प्रेसर घेऊ या, उचलून नेता येईल असा. मालक हसले. "टायरवाल्याकडं असतो तसला? पेलाभर पाणी काढाया? मिस्त्री, तू लय शिकलेला हायेस." दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. सायकलच्या पंपाने करून पाहिलं, पण त्याची हवा पहिल्या झोळापर्यंतही पोचेना. मग मी सरळ पाईपाचा जोड उघडला, तोंड लावलं आणि फुंकलं. घरी स्टोव्हची पिन अडकली की आपण फुंकतोच ना, तसंच. पोटातून जोर लावून पाच-सहा दमदार फुंकरा मारल्या की मागच्या नळातून आधी पाणी, मग थुंकल्यासारखे थेंब आणि शेवटी नुसती हवा यायची. लोखंडाची चव तोंडात राहायची. दिवेलागणीला बसखाली पाठीवर झोपून मी हे काम करायचो आणि सकाळी सगळ्यांना वेळेवर चहा मिळायचा. दोन वर्षं लाइन फुटली नाही. दोन वर्षं त्याच पाण्याचा भात शिजला, त्याच पाण्याने लोकांनी औषधाच्या गोळ्या घेतल्या. कुणाचं काही बिघडलं नाही.

माझी नोकरी मात्र कच्ची होती. फेरी असली की पगार, एरवी शेडवर जे काम निघेल ते. घरी लग्नाचं चाललं होतं. मुलगी बघायला गेलो की चहाच्या आधी प्रश्न यायचा, नोकरी पक्की का? दोन घरांनी एवढ्यावरूनच नाही म्हणून कळवलं होतं. आई मालकांना भेटून आली, मला न सांगता. तेव्हा मालक म्हणाले, "या दिवाळीची फेरी नीट पार पडू द्या, लाइन शाबूत घरी आणू द्या, मग तुमचं पोरगं कायम." आईने ते शब्द घरी येऊन जसेच्या तसे तीनदा सांगितले. मीही त्या फेरीकडे डोळे लावून बसलो.

फेरीच्या आठवडाभर आधी शेडवर मी लाइनची चाचणी घेत होतो. सकाळची वेळ, ऊन चांगलं पडलेलं. टाकी भरली, नळ सोडून पाहिले, मग टाकीचा कॉक बंद केला आणि झोळ रिकामे करायला पाईपाला तोंड लावलं. फुंकून मान वर केली तर समोर एक बाई उभ्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, यजमानांना घेऊन फेरीला येणार होत्या, राखलेल्या जागा पाहायला आल्या होत्या, आणि बस आतून-बाहेरून पाहत होत्या.

"अहो, हा प्यायच्या पाण्याचा पाईप ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तोंड लावून काय फुंकताय? उष्टं नाही का होत सगळं?"

मी म्हणालो, "बाई, यानंतर टाकीभर पाणी सोडून धुऊन काढतो. काळजी करू नका."

त्या हसल्या. राग नव्हता चेहऱ्यावर. "कुठले तुम्ही?"

"नाशिकरोडचा."

"आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, पण नाशिक जिल्ह्यात ते ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. खोटं सांगता आलं असतं. माझ्या बरोबरीची काही मुलं मुंबईला जाऊन गावाच्या नावावरून आडनाव लावत होती. आमच्या वडिलांनी मात्र बजावून ठेवलं होतं की धर्म बदलला तो मान वर करायला, नाव लपवायला नाही. तर मी सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, तिथल्या तिथे थिजलं. "बरं बरं," म्हणाल्या आणि ऑफिसकडे वळल्या. त्यानंतर त्या पूर्ण फेरीत त्यांनी मला अहो म्हटलं नाही आणि अरेही म्हटलं नाही. काही लागलं तर आचाऱ्याला सांगायच्या, तो मला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मालकांच्या जीपमधून कॉम्प्रेसर उतरला. पिंपळगावच्या कुणा ओळखीच्या माणसाने बनवलेला. द्राक्षाच्या फवारणी पंपाचं लहान इंजिन, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचं, आणि त्याला जोडलेला हवेचा पंप, खाली दोन चाकं, वर घडीचा दांडा. दोन माणसांनी सहज उचलावा एवढाच. मला इतका आनंद झाला की मी विचारलंसुद्धा नाही, एकदम कसा आणलात? दिवसभर त्याच्यामागे लागलो. त्याच्या हवेच्या टाकीवर दाबाचा काटा बसवला, कारण जादा दाबाची हवा मारली तर माझेच जोड उखडले असते. तीस पौंडावर ठेवून मारून पाहिलं. लांबचा नळ आधी उघडायचा, मग जवळचा, मग बेसिन. झोळातलं पाणी खडखडत निघून गेलं आणि मागून स्वच्छ हवा आली. पाच मिनिटांचं काम. मी मालकांना हाक मारून दाखवलं.

मालक खूश झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं मग. आता तोंड लावायचं कामच नाय. त्या बाईंनी काल ऑफिसात तमाशा मांडला होता. पैसे परत द्या म्हणल्या. आन् त्यांच्यासंगं सात जागा हायेत. मी म्हणलं, मशीन आणतो. आता तुलाबी बरं, त्यांनाबी बरं."

एवढ्या सहजपणे ते बोलले की मला आधी अर्थच लागला नाही. दोन वर्षं मी सांगत होतो की पाईप फुटतो, तेव्हा मशीन महाग होतं. माझ्या छातीत त्या गार लोखंडाने कळ यायची तेव्हाही महागच होतं. आणि माझ्या तोंडाची अडचण झाल्याबरोबर एका रात्रीत स्वस्त झालं. मी इंजिन बंद केलं. पक्की नोकरी डोळ्यांसमोर होती. दाबलेली हवा सोडून दिली आणि काटा शून्यावर येईपर्यंत बघत राहिलो, एवढंच आठवतं.

आमचे आजोबा तरुणपणी याच शहरात गोदावरीच्या घाटाकडे, रामकुंडाचा हक्क मागायला निघालेल्या आमच्या लोकांच्या गर्दीत होते. कपाळावर दगडाची खूण होती. लहानपणी त्या खुणेवर बोट ठेवून आम्ही गोष्ट विचारायचो आणि ते सांगायचे. मला वाटायचं, ती गोष्ट संपलेली आहे. दगड मारणारे निदान समोरून मारत होते. माझ्या खांद्यावर हात होता.

फेरी निघाली. कॉम्प्रेसर मागच्या बाकाखाली बांधून घेतला होता. खालच्या मुक्कामांना थंडी बेताचीच, त्याची गरज पडली नाही. बद्रीनाथला आम्ही दुपारी पोचलो. चार वाजता सूर्य डोंगराआड गेला आणि पाहता पाहता बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ दिसायला लागला. संध्याकाळच्या आरतीला सगळे यात्रेकरू देवळाकडे गेले. आचाऱ्याने भांडी घासून घेतली, रात्रीपुरतं पाणी हंड्यांत भरून ठेवलं. मी टाकी रिकामी केली आणि कॉम्प्रेसर बाहेर काढला.

तो चालू होईना. दोरी गुंडाळून ओढली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा ओढली. ड्रायव्हरने ओढली. पेट्रोल बदललं, प्लग काढून पुसला, काडेपेटीने गरम केला. पिंपळगावच्या हवेत एका ओढीत फटफटणारं इंजिन त्या उंचीवर, त्या गारठ्यात नुसतं धापा टाकत होतं. अर्धा तास गेला. मालक कानटोपी घालून शेजारी उभे होते, त्यांनी आधी इंजिनाला शिव्या घातल्या आणि मग इकडेतिकडे पाहिलं.

"मिस्त्री," ते आवाज खाली आणून म्हणाले, "कुणी नाय इथं. सगळे आरतीला गेलेत. घे फुंकून पटकन."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"अरे बघतोस काय? पयल्यांदा का फुंकतोयस?"

"आरती सुटली की फुंकतो," मी म्हणालो. "सगळे आले की. त्यांच्या समोर."

"याड लागलं का तुला?"

"मालक, माझ्या फुंकरीचं पाणी चालत असेल तर उजेडात चालू द्या. चालत नसेल तर अंधारातही चालत नाही. चोरून मी फुंकणार नाही."

"नोकरीचा इचार कर. तुझ्या आईला शबुद दिलाय मी."

ते म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर आई आली. तीनदा तेच वाक्य सांगणारी. मी गुडघ्यावर बसलो होतो, पाईप हाताच्या अंतरावर होता. सहा फुंकरांचं काम. खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडलंही होतं. पण मग मनात आलं की मी आज फुंकलं तर उद्या सकाळी ती बाई चहा पिईल आणि मालक माझ्याकडे बघून डोळा मिचकावतील. ते डोळा मिचकावणं मला दिसलं आणि मी उठून उभा राहिलो.

शेवटी मालकांनी स्वतः पाईपाला तोंड लावलं. तंबाखू खाणारा माणूस, त्यात ती विरळ हवा. दोन फुंकरांत डोळे पांढरे झाले आणि झोळातलं पाणी उलटं त्यांच्याच मिशांवर आलं. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मी हसलो नाही. मला त्या लाइनीची काळजी लागली होती, माझ्या स्वतःच्या लाइनीची. आरती सुटली, लोक कुडकुडत आले, जेवून धर्मशाळेत पांघरुणांत शिरले. त्यांच्यासमोर फुंकतो म्हणालो होतो, पण मालकांनी मला बसजवळ जाऊच दिलं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "एका रातीनं काय होतंय."

सकाळी बसखाली बर्फाची सुरी लटकत होती. मागच्या झोळातला एल्बो उभा चिरला होता, आणि त्याच्या अलीकडचा पाईप आतून बर्फाने गच्च. आचारी वर बसमधूनच ओरडला की हंड्यांतलं पाणीही दगड झालंय आणि जवळचा सरकारी नळही गोठलाय. पंचवीस माणसं चहासाठी उभी. बाईंचे यजमान दम्याचे, ते शालीत गुंडाळून पायरीवर बसलेले, श्वासाची शिट्टी वाजत होती. बाईंना सांगायला आचारी जवळ नव्हता. त्या माझ्या दिशेने, पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोडं गरम पाणी लवकर मिळालं तर बरं होईल."

मी बसखाली शिरलो. स्टोव्हवर तापवलेल्या फडक्यांनी पाईप शेकला, चिरलेला एल्बो काढला, सोबत आणलेला नवा बसवला. बोटं इतकी बधिर की सुतळी दातांनी धरावी लागली. मग पाईप मोकळा झाला का ते बघायला तोंड लावून फुंकलं. सगळ्यांसमोर. बाई चार हातांवर होत्या. बर्फाचे तुकडे मागच्या नळातून बेसिनमध्ये आपटले, मग हवा आली. मी म्हणालो, "सोडा पाणी." तोवर ड्रायव्हर नदीकाठच्या गरम कुंडातून बादल्या घेऊन आला होता, उरलासुरला बर्फ सुटावा म्हणून त्या टाकीत ओतल्या, नळ वाहायला लागला, आचाऱ्याने आधण ठेवलं.

बाईंनी आधी यजमानांना गरम पाणी पाजलं आणि मग स्वतः कप दोन्ही हातांत धरून चहा प्याला. पंचवीसच्या पंचवीस माणसांनी प्याला. काहींनी दुसऱ्यांदा मागितला. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी आडनावाची आठवण काढली नाही. लोक मला नंतर म्हणायचे, बघ, बदलली ना माणसं! कसली बदलली? त्यांना चालत होतं. नाशिकच्या उन्हातही चालण्यासारखंच होतं. तिथे त्यांना थंडी वाजत नव्हती एवढाच फरक.

नाशिकला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांनी मला शेडवर बोलावलं. पेढ्यांचा पुडा टेबलावर होता. "लाइन फुटली ती मशीनमुळं, तुझ्यामुळं नाय," म्हणाले. "आन् तासाभरात चहा देणारा माणूस मी सोडतो व्हय? सोमवारपासून कायम. आईला सांग."

मी पेढा घ्यायला हात पुढे केला आणि खिडकीतून बस दिसली. आचारी छतावर चढून पितळी कळशीने टाकीत पाणी ओतत होता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. खाली अजून चार कळशा भरून ठेवलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"रामकुंडाचं पाणी हाय," मालक म्हणाले. "बाईंनी घरी जाऊन सांगितलं समद्यांना. थंडीत इलाज नव्हता म्हणून प्यालो म्हणल्या. मे महिन्याचे लोक इचारायला लागले. माझ्या मनात काय नाय, तुला ठावं हाय. धंद्यासाठी करावं लागतंय."

हिरवट शेवाळाचं ते पाणी मी धुऊन पुसून चकचकीत ठेवलेल्या टाकीत पडत होतं. फिटर म्हणून सांगतो, त्याने पाईप आतून खराब होतो. मला एवढंच म्हणायचं होतं आणि आणखी खूप काही म्हणायचं होतं. अंगाचा तिळपापड झाला होता. मी पेढा परत पुड्यात ठेवला.

"काय रं, घे की," मालक म्हणाले. "येतोस ना सोमवारी?"

मी घरी गेलो आणि आईला सांगितलं, नोकरी पक्की झाली. तिने शेजारपाजारी साखर वाटली. सोमवारी सकाळी आठ वाजता मी शेडवर हजर होतो. पुढची नऊ वर्षं ती टाकी मी भरली, ती लाइन मी सांभाळली, आणि त्या नळाचा एक घोटही कधी प्यालो नाही.